गणपूर्तीअभावी परीक्षा तहकूब

घरच्या घरी एक सराव परीक्षा द्यायची, एवढंच माझ्या मनात होतं. एक प्रश्नपत्रिका, एक पेन, तीन तास आणि आतून कडी. यात दोन रद्द झालेले पेपर, इमारतीची सर्वसाधारण सभा आणि पाण्याच्या टाकीचा वाद कुठून आला असं कुणी विचारलं, तर मी शांतपणे सांगते की आमच्या घरात कुठलीच गोष्ट एकटी येत नाही. बल्ब बदलायला स्टूल काढलं तर संध्याकाळपर्यंत घराला रंग लागलेला असतो.

परीक्षा अकाउंटन्सीची. फायनल. ज्यांनी ती दिली आहे त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी दिलेली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. अभ्यास माझा चोख होता. हे गर्वाने नाही, नोंद म्हणून सांगते. मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांचा एकत्रित ताळेबंद मी टिंगीला भरवता भरवता मनातल्या मनात मांडू शकत होते. (टिंगी म्हणजे आमची मुलगी. वय तीन, आवाज तीस.) भानगड होती ती परीक्षेच्या हॉलची. मागच्या खेपेला पहिल्याच प्रश्नात ताळेबंद जुळेना आणि माझं डोकं पाणी गेलेल्या नळासारखं झालं. आधी फुस्स, मग खरखर, मग काहीच नाही. अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवून मी बाहेर आले आणि व्हायचं तेच झालं. थोडक्यात हुकलं वगैरे नाही, चांगली सणसणीत नापास.

या खेपेलाही तसंच झालं, तर आधी सुटलेले पेपरसुद्धा बाद होऊन सगळं मुळापासून सुरू. आणि मुळापासून म्हणजे टिंगी शाळेत जाणार, शिकणार, आणि मग मायलेकी एकाच बाकावर बसणार. तेव्हा मी ठरवलं, आपल्याला हॉलची भीती वाटते ना, मग हॉलच घरी आणू. कल्पना पूर्णपणे माझी. नंतर तिचं श्रेय घ्यायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

चूक एवढीच झाली की हे मी चहाच्या वेळी सासऱ्यांसमोर बोलले.

बाबांनी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. दिल्या किती ते माहीत नाही, पण घेतल्या. परीक्षा विभागात चिकटले ते निवृत्त होऊनच सुटले. तेव्हापासून त्यांच्या अधिकारात फक्त टीव्हीचा रिमोट उरला होता, आणि दुपारी तोही आईंकडे जायचा.

"सराव परीक्षा? कोण घेणार?" त्यांनी कप खाली ठेवला.

"घेणार कोण, बाबा? मीच पेपर काढणार, मीच घड्याळ लावणार आणि मीच लिहिणार."

"परीक्षार्थी आणि पर्यवेक्षक एकच?" बाबा आईंकडे वळले. "ऐकलंस? उद्या चोर आणि पोलीसही एकच करतील."

"अहो, तिला तीन तास शांत बसायचंय, एवढंच," आई म्हणाल्या.

"तीन तास शांत बसणं म्हणजेच परीक्षा. आणि ती अशी उठसूट कुणालाही घेता येत नाही."

त्याच संध्याकाळी बाबांनी बूट पॉलिश केले. घरातल्या घरात बूट कशाला, असं आईंनी विचारल्यावर म्हणाले, "पर्यवेक्षक चालताना आवाज यायला हवा. निम्म्या कॉप्या त्यानेच थांबतात."

"आवाज आला की पोरं लपवतात. थांबतात कसल्या?"

"लपवतात तेवढा वेळ तरी थांबतातच ना?"

आईंनी पॉलिशची डबी उचलून आत ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या एवढं शिकल्या आहेत की परीक्षा विभागाशी वाद घालून फेरतपासणीखेरीज काही मिळत नाही.

पहिला पेपर आमच्या झोपायच्या खोलीत होता. नवरा टिंगीला घेऊन बागेत गेला. मी पेन, पाण्याची बाटली आणि कॅल्क्युलेटर घेऊन खोलीच्या दाराशी गेले, तर दारात बाबा बूट घालून उभे.

"ओळखपत्र."

"बाबा, मी आहे."

"ते मला दिसतंय. नियमाला दिसत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मी कपाट उचकून माझं जुनं ओळखपत्र शोधून आणलं. बाबांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"फोटो जुळत नाही."

"बाबा!"

"या फोटोतल्या व्यक्तीची झोप झालेली आहे."

वाक्य खरं होतं म्हणून जास्त लागलं. फोटो टिंगीच्या आधीचा. त्यात माझे केस विंचरलेले होते, डोळ्यांखाली काही नव्हतं, आणि चेहऱ्यावर असा भाव होता की जगात सगळ्या गोष्टी वेळच्या वेळी होतात. मी आईंना बोलावलं. आईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "खरंच गं, केवढी छान दिसायचीस." ही साक्ष माझ्या बाजूची आहे की विरुद्ध, यावर बाबांनी बराच विचार केला. शेवटी दोन तटस्थ व्यक्तींनी ओळख पटवावी असं ठरलं. त्यातल्या एक खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकू. त्या कपडे शिवतात, आणि इमारतीत कुणाचं काय उसवलंय हेही त्यांना बरोबर ठाऊक असतं. दुसरे शेजारचे दंतवैद्य. दंतवैद्यांनी सवयीने मला "आ करा" म्हटलं आणि दाढेतली चांदी बघून ओळख पटवली. तोवर घड्याळात अर्धा तास उलटून गेला होता.

"अर्ध्या तासानंतर प्रवेश नाही," बाबा म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण गेली चाळीस वर्षं मी हे वाईट वाटून घेतलंय."

पेपर रद्द. मी खोलीबाहेरच होते, त्यामुळे बाहेर काढण्याचाही प्रश्न आला नाही.

शिवणकाकू जाता जाता माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "घाबरतेस कशाला? डोकं रिकामं झालं की डोळे मिटून श्वास मोजायचे."

"काकू, मोजता मोजताच तर नापास झाले."

दुसरा पेपर पुढच्या रविवारी. या वेळी ओळखपत्र, त्याची प्रत, आणि दंतवैद्यांचं माझ्या दाढेविषयीचं प्रमाणपत्र अशी तयारी करून मी जय्यत बसले होते. बाबांनी जुन्या प्रश्नपत्रिकांतून एक निवडून नवऱ्याकडे दिली होती. त्याने ती झेरॉक्स करून पाकिटात घालून लाख लावून परत आणायची होती. लाख काही मिळाली नाही. त्याने टिंगीचा अस्वलाचा स्टिकर लावला. बाबांनी अस्वलाकडे बराच वेळ पाहून "चालेल" म्हटलं, तेव्हा माझ्या मनात आशा उगवली.

पेपरच्या आदल्या सकाळी मी कपडे वाळत घालत होते. खालच्या बाल्कनीतून शिवणकाकूंनी मान वर केली.

"काय गं, त्या मोठ्या कंपनीने छोट्या कंपनीचे ऐंशी टक्केच शेअर का घेतले? वीस टक्के कुणाला सोडले? मला रात्रीपासून चैन नाही."

"कुठली कंपनी, काकू?"

"तुझ्या पेपरातली! आणि एकदा घेतलीच आहे, तर पूर्ण घ्यावी ना माणसाने. ते वीस टक्केवाले बिचारे घरात राहून परक्यासारखे."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. तो काकूंच्या कुंडीवर पडला हे नंतर कळलं, कारण त्याच क्षणी माझ्या मागे बूट वाजले. शनिवार असूनही बाबांनी ते घातले होते. बहुधा सराव म्हणून.

"पेपर फुटला," बाबा म्हणाले. आवाजात दुःख होतं आणि, मला खोटं बोलवत नाही, थोडा आनंदही होता.

चौकशी जेवणाच्या टेबलावर झाली. नवऱ्याची जबानी अशी: झेरॉक्सवाल्याकडे पहिली प्रत तिरकी आली. ती त्याने फेकून न देता घरी येता येता काकूंना दिली, कारण काकू कापडाआधी कागदावर बेततात आणि मोठा कागद दिसला की त्यांना भरून येतं.

"मी फक्त रद्दी दिली, बाबा."

"प्रश्नपत्रिका रद्दी नसते. परीक्षा संपल्यावर होते."

पुरावा जप्त करायला बाबा स्वतः खाली गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक बाही आणि अर्धी कॉलर होती. उरलेला पेपर गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतून झाला होता. दुसरा पेपरही रद्द. टिंगीने अस्वल परत मागितलं. ते पुराव्यात गेलं आहे हे तिला समजावण्यात माझी दुपार गेली.

(थांबा, टिंगी उठली वाटतं. नाही, कूस बदलली. लिहिते पटापट.)

आता माणसाने यातून काय बोध घ्यावा? सरळ होता. बाबांना वगळावं आणि गच्चीवर जाऊन बसावं. पण खरी परीक्षा तोंडावर आली होती, आणि खरं सांगू, बाबांच्या बुटांची मला सवय होऊ लागली होती. त्या आवाजाचा धाक वाटायचा. अगदी खऱ्या हॉलसारखाच. मला तोच हवा होता. म्हणून बाबा जेव्हा म्हणाले की घर हे परीक्षा केंद्र म्हणून नालायक ठरलं आहे, आपण तळमजल्यावरचा हॉल मागू, तेव्हा मी मान डोलावली. पुढचं सगळं त्या मान डोलावण्यावर उभं आहे.

आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये गंजक्या घडीच्या खुर्च्या आहेत, कुणीही कधी न खेळलेलं टेबल टेनिसचं टेबल आहे, आणि बटण बंद केल्यावरही विचार करत बराच वेळ फिरणारा पंखा आहे. किल्ली सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी हे आमच्या इमारतीचे बाबा आहेत, किंवा बाबा हे आमच्या घरातले सेक्रेटरी. दोघे आजवर लिफ्टमध्येच भेटत आणि मजल्यांचे आकडे बघत. त्या दिवशी प्रथमच समोरासमोर बसले. आखाड्यातल्या दोन पैलवानांनी एकमेकांचे खांदे जोखावेत तसं त्यांनी एकमेकांचं नियमांचं ज्ञान जोखलं.

"हॉल फक्त सभासदांच्या सभेसाठी देता येतो," सेक्रेटरी म्हणाले. "नियम आहे."

"मग परीक्षेला सभा म्हणा."

"म्हणू. पण सभा म्हटली की नोटीस आली. विषयपत्रिका आली. कोरम आला. किमान सात सभासद पूर्ण वेळ हजर हवेत."

"बसतील," बाबा म्हणाले. "गप्प बसवायची जबाबदारी माझी."

"आणि सूनबाई सभासद नाहीत."

"त्या सभेपुढचा विषय आहेत."

सेक्रेटरींच्या डोळ्यांत आदर तरळला. मग माझ्याकडे वळून त्यांनी दिलासा दिला, "काळजी करू नका. माझा भाचा ह्याच परीक्षेला अकरा वेळा बसला."

"अकराव्या वेळी पास झाला?"

"नाही. अकराव्या वेळी लग्न झालं."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. विषय पहिला, तिसऱ्या मजल्यावरील सूनबाईंचा पेपर. विषय दुसरा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. ज्यांनी म्हणून कधी इमारतीची सभा पाहिली आहे त्यांना माहीत असतं की माणसं पहिल्या विषयासाठी येत नाहीत. जिन्यात जो तो मला विचारू लागला, "तुमचा पेपर किती वेळ चालेल? आम्हाला टाकीचं बोलायचंय."

रविवारी सकाळी मी हॉलमध्ये टेबल टेनिसच्या जाळीच्या एका बाजूला बसले. दुसऱ्या बाजूला सभा. मोजले तर सहा. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, उभे राहिले आणि म्हणाले, "गणपूर्तीअभावी परीक्षा तहकूब."

"काका, अहो, मी लिहायला सुरुवात करते ना. सातवे येतील हळूहळू."

"तहकूब म्हणजे तहकूब. अर्ध्या तासाने हीच सभा पुन्हा भरेल. तेव्हा कोरमची गरज नाही."

"अर्ध्या तासाने?" बाबा ताडकन उठले. "अर्ध्या तासानंतर परीक्षार्थीला प्रवेश नाही!"

अर्ध्या तासाआधी सभा नव्हती आणि अर्ध्या तासानंतर परीक्षा नव्हती. दोन्ही नियम आपापल्या जागी निर्दोष होते. मध्ये मी होते. शिवणकाकू म्हणाल्या, "हे म्हणजे गळा शिवला आणि डोकं जाईना." शेवटी दंतवैद्यांनी तोड काढली की मी आधीच आत बसलेली असल्यामुळे मला प्रवेश देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, मी फक्त हलता कामा नये. मी अर्धा तास हलले नाही. मग पेपर मिळाला.

पहिली वीस मिनिटं स्वर्ग. मग कुणीतरी कुजबुजलं, "टाकी गळतेय त्याचं काय?"

"शांतता! परीक्षा चालू आहे," बाबा.

"सभेत बोलायला बंदी करता येत नाही," सेक्रेटरी.

तडजोड अशी झाली की वाद घालावा, पण कुजबुजत. माणसं कुजबुजत भांडताना आपण कधी ऐकली आहेत का? आवाज खाली गेला की शब्द टोकदार होतात. "तुमच्याच बाथरूमचं पाणी!" "पुरावा द्या!" "जिन्यातली सायकल आधी काढा!" हे सगळं सापांच्या सभेसारखं फुस्स फुस्स चाललेलं. मी मुख्य कंपनी मांडतेय, उपकंपनी मांडतेय, आणि मधूनच लिहून जातेय, 'वजा टाकीची गळती'. खोडलं. माझा चेहरा बघून दंतवैद्यांनी वाकून विचारलं, "फार दुखतंय?"

आणि मग तो क्षण आलाच. बेरीज झाली. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत. पुन्हा केली. आता आणखी जुळल्या नाहीत. डोक्यातून ओळखीचा आवाज आला. फुस्स, खरखर, काहीच नाही. मी पेन खाली ठेवलं. खुर्ची जरा मागे सरकवली.

तेवढ्यात टाकी थांबली. म्हणजे टाकीवरचं बोलणं थांबलं. सगळी सभा माझ्याकडे बघत होती. कुणी श्वास घेईना. मला ते भांडण परत हवंसं झालं.

दाराशी नवऱ्याचा दबका आवाज आला, "अगं टिंगे, नको, नको!" आणि माझ्या पायांशी काहीतरी ऊबदार येऊन टेकलं. टिंगी टेबलाखालून सरपटत आली होती. हात बुटासारखे काळे, चेहऱ्यावर धूळ, बगलेत एक कान गेलेला ससा. तिने माझ्या पोटरीला गाल लावला आणि हुश्श केलं. जणू दिवसभराची कामं तीच उरकून आली होती.

बूट वाजले. टक, टक, टक. माझ्या टेबलाशी थांबले. परीक्षेच्या जागी अनधिकृत व्यक्ती, याहून मोठा गुन्हा बाबांच्या पुस्तकात नाही. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून, सावकाश वाकून टेबलाखाली पाहिलं. मग सरळ होऊन सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "टेबलाखाली काहीही आढळलं नाही."

"आबा, मी आहे!" खालून आवाज.

"काहीही आढळलं नाही म्हटलं ना!"

बूट दूर गेले. सभेने श्वास सोडला. सायकलवाल्यांनी टाकीवाल्यांना एक टोमणा मारला आणि जग पुन्हा फिरू लागलं. मी पेन उचललं. जुळत नव्हतं ते जुळत नव्हतंच. मी त्यावर एक फुली मारली, पान उलटलं आणि दुसरा प्रश्न घेतला. तिसरा घेतला. टिंगी माझ्या पायांवर झोपून गेली. डावा पाय बधिर झाला, उजव्याला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. हलायची परवानगी नव्हतीच म्हणा.

पेपर संपायच्या जरा आधी दंतवैद्यांनी हात वर केला. "अध्यक्ष महाशय, सूनबाई पास आहेत असा ठराव मी मांडतो."

"अनुमोदन!" शिवणकाकू.

"असा ठराव करता येणार नाही!" बाबा. "गुण मतांनी मिळत नाहीत!"

"सभेला वाटेल तो ठराव करता येतो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना टाकीनंतर काहीतरी मंजूर झालेलं हवं होतं. मतदान झालं. उशिरा का होईना, आता सातही सभासद हजर होते. सहा बाजूने, एक विरुद्ध. मी पास झाले, आणि विरोधात पडलेलं एकमेव मत माझ्या सख्ख्या सासऱ्यांचं होतं. हा अपमान किती खोल गेला हे लिहिण्याइतका वेळ टिंगी मला देणार नाही.

बाबांनी माझे कागद गोळा केले, काठ जुळवले आणि उभ्या उभ्याच पानं उलटली. विषय त्यांना ओ की ठो कळत नाही. मी बधिर पाय चोळत बसले होते. सभा पांगली होती, टिंगी नवऱ्याच्या खांद्यावर झोपेतच वर गेली होती.

"मला अकाउंट्स कळत नाहीत," बाबा म्हणाले. "पण पेपर कळतात. हजारो पाहिलेत. ज्याचं जमणार नसतं त्याच्या पेपराला शेवटचं पान नसतं. तुझ्याला आहे." मग बुटांकडे बघत, "विरोधात मत द्यावंच लागलं गं. नियम आहे."

"माहितेय बाबा."

"आणि अक्षर सुधार."

निकालाचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पास झाले. चांगल्या गुणांनी. पण मला सांगायचंय ते गुणपत्रिकेवर आलेलं नाही.

खऱ्या पेपरच्या दिवशी मी हॉलमध्ये जाऊन बसले. ओळखपत्र मागणाऱ्या बाईंनी फोटो बघितलासुद्धा नाही. मी पुढे केलेलं दाढेचं प्रमाणपत्र त्यांना कळलं नाही. पेपर मिळाला. पहिल्या प्रश्नात मुख्य कंपनी, उपकंपनी, आणि कुणालातरी सोडलेले ते वीस टक्के. मी लिहायला घेतलं आणि थांबले.

काहीतरी चुकत होतं. आवाज नव्हता. कुणी भांडत नव्हतं, कुणाची सायकल कुणाच्या वाटेत नव्हती, पायांशी कुणी नव्हतं. एवढी शांतता मी टिंगी झाल्यापासून ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत माझं डोकं बरोबर तसंच झालं. फुस्स. खरखर. काहीच नाही.

मी खुर्ची मागे सरकवली नाही. नुसती बसले. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की मी कान टवकारून बसले आहे. कुणीतरी हाक मारेल म्हणून. तीन वर्षं माझा एक कान सतत दुसऱ्या खोलीत असतो. दूध उतू जाईल, ती पडेल, ती उठेल, ती फार वेळ गप्प आहे म्हणजे नक्की काहीतरी केलं असेल. मागच्या खेपेलाही याच हॉलमध्ये मला कुणी हाक मारली नव्हती, आणि मी त्या न आलेल्या हाकेलाच घाबरून उठले होते. हे डोकं रिकामं झालेलं नव्हतंच. मोकळं झालं होतं. मला त्याची ओळख राहिली नव्हती, एवढंच.

मग मी त्याला बसायला जरा वेळ दिला. पाणी प्यायले. आणि लिहायला लागले. ताळेबंद जुळला का? पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा एक आकडा उलटा लिहिलेला सापडला, आणि दोन्ही बाजू गपगुमान एकमेकींसमोर येऊन उभ्या राहिल्या. भांडून दमलेल्या जावांसारख्या.

सगळं लिहून झालं तेव्हा बाकं बरीच रिकामी झाली होती. पर्यवेक्षक बाई माझ्यापाशी आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पायात आवाज न करणाऱ्या चपला.

"झालं असेल तर देऊन जाऊ शकता."

"वेळ आहे ना अजून?"

"आहे पंचवीसेक मिनिटं. तपासताय का?"

"तपासून झालं."

"मग?"

"मग काही नाही. नुसती बसते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी लहान आहे का?"

"तीन वर्षांची."

त्या भिंतीपाशी गेल्या आणि माझ्या डोक्यावरचा पंखा एकने वाढवला.

मी बसले. हात मांडीवर, पाठ टेकलेली. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून काच पुसत होता, ते पाहिलं. तो उतरला, तेही पाहिलं. कुणी मला काही विचारलं नाही, कुणाला माझ्याकडून काही नको होतं. कशाचा तरी एक विचार मी शेवटपर्यंत केला आणि तो तुटला नाही. काय विचार होता ते आता आठवत नाही, पण तो पूर्ण झाला होता.

ठरवलं होतं, घंटा होईपर्यंत जागचं हलायचं नाही. माझे तीन तास आहेत, एक मिनिट सोडायचं नाही. पण घंटेला पाच मिनिटं उरली आणि मला उगाचच वाटायला लागलं की ती आत्ता काय करत असेल. चार उरली. जेवली असेल का? तीन उरली. बाबांनी ससा दिला असेल ना?

दोन मिनिटं असताना मी पेपर बाईंच्या हातात दिला आणि पळत सुटले.